केस केली तर घर जाईल का?

"मॅडम, नवऱ्यावर केस केली तर घर जाईल ना माझं?" सोलापुरात इतकी वर्षं समुपदेशन करतेय, हा प्रश्न अजून थांबलेला नाही. टॉवेलच्या कारखान्यात शिलाई करणारी विचारते, तसं शाळेतली शिक्षिकाही विचारते. म्हणून एका ताईंची गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत.

ताई पूर्व भागातल्या, विड्या वळणाऱ्या. "मारतो. पण त्याला जेलात घालायचं नाही मला."

दोन भेटींत मी हे वाक्य भीती म्हणूनच ऐकलं. 'मनाची तयारी नाही' असं वहीत लिहूनही ठेवलं. तिसऱ्या भेटीत विचारलं, "मग काय हवंय, ताई?"

त्यांची बोटं पदरावर विडी वळल्यासारखी फिरत होती, ती थांबली. "मार बंद व्हावा. आणि रात्री माझ्या घरात झोपता यावं."

हे कच खाणं नव्हतं. ही नेमकी मागणी होती, आणि कौटुंबिक हिंसाचाराच्या 2005 च्या कायद्यात ती जवळपास त्याच शब्दांत आहे. कलम 18 मध्ये मारहाणीला मनाईचा आदेश, कलम 17 आणि 19 मध्ये राहत्या घरात राहण्याचा हक्क.

"घर सासूच्या नावावर आहे."

"असू दे. सासरच्यांच्या नावावरच्या घरातही सुनेला राहण्याचा हक्क असू शकतो, हे सुप्रीम कोर्टाने 2020 मध्ये स्पष्ट केलंय."

या कायद्याखाली अर्ज केल्याने नवरा लगेच तुरुंगात जात नाही. आदेश मोडला, तर मात्र एक वर्षापर्यंत कैद किंवा 20,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. अर्जासाठी याच कायद्याखाली सरकारने नेमलेले संरक्षण अधिकारी मदत करतात. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, तिथे बाईला उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. अंगावर बेतलं असेल तर समुपदेशनाची वाट पाहू नका, 112 लावा.

"पण मारल्याच्या तारखा कुठं आठवतात मला?"

मी काही बोलले नाही. अशा वेळी गप्प राहणं मी कष्टाने शिकलेय. थोड्या वेळाने त्यांनी पिशवीतून विड्यांच्या हिशोबाचं पुस्तक काढलं. रोजचा आकडा हजाराच्या आसपास. मध्येच तीनशे. मध्येच कोरं. तीनशेवर बोट ठेवून म्हणाल्या, "या दिवशी हात सुजला होता." मग एकेक तारीख बोलू लागली. संरक्षण अधिकाऱ्यांच्या अहवालात त्या सगळ्या तारखा गेल्या.

कोर्टाला कायद्यात लिहिलेल्या 60 दिवसांपेक्षा जास्त वेळ लागला, पण आदेश मिळाला, घरातच राहण्याचा.

जानेवारीअखेर ताई आल्या, पुस्तक उघडून दाखवलं. एका दिवशी चारशेच. माझ्या पोटात गोळा आला.

"अहो मॅडम, गड्ड्याच्या जत्रेला गेलो होतो. पोरींना पाळण्यात बसायचं होतं."