डार्कव्हिजन असलेल्या पार्टीत दोर आणि मशाली लागतात का? माझं उत्तर: लागतात

डंजन्स अँड ड्रॅगन्स या टेबलावर बसून फाशांनी खेळायच्या भूमिका-खेळाबद्दलचा तुमचा प्रश्न वाचला आणि राहवलं नाही. पहिल्या लेव्हलचं रोग (Rogue, म्हणजे चोरटा) क्लासचं कॅरेक्टर आहे, लेदर आर्मर, रेपिअर, शॉर्टबो आणि कुलपं उघडायची हत्यारं घेऊन १५ सोन्याची नाणी उरली आहेत. पार्टीतल्या, म्हणजे तुमच्या चमूतल्या, बाकीच्या तिघांना डार्कव्हिजन (अंधारात पाहण्याची शक्ती) आहे. आणि पार्टीतलं कुणीतरी तुम्हाला सांगतंय की दोर-मशालींवर पैसे उडवू नकोस, हीलिंग पोशनसाठी (जखमा भरणाऱ्या औषधासाठी) साठव.

असं सांगणारा आमच्याही टेबलावर होता. एल्फ जातीचा विझार्ड (जादूगार) खेळायचा, माझा जुना मित्र. सामानाची यादी निघाली की त्याचं ठरलेलं वाक्य: "आपण साहसी लोक आहोत, हमाल नाही." दोर, काठी, खिळे ही म्हणे जुन्या लोकांची खोड. जुनी आहेच. १९७४ साली डंजन्स अँड ड्रॅगन्सचे पहिले नियम आले, त्यातल्या यादीतही ५० फूट दोर आणि १० फुटी काठी आहे. इतकी वर्षं ती टिकली याला काही कारण असेल की नाही?

आम्ही दुसऱ्या लेव्हलला होतो. मी हाफलिंग (बुटक्या जातीचा) रोग, म्हणजे अंधारात मला काही दिसत नाही. बाकी एल्फ, ड्वार्फ क्लेरिक (पुजारी) आणि हाफ-ऑर्क बार्बेरियन (रांगडा लढवय्या), तिघांनाही डार्कव्हिजन. विझार्डच्या आग्रहाखातर चौघांनी आपापले एक्सप्लोरर्स पॅक (दोर, मशाली, शिधा असा सामानाचा तयार संच) विकले. विकताना निम्मीच किंमत येते, त्यामुळे १० चा पॅक ५ ला गेला. ती २० आणि आधीच्या कामाची ३० अशी ५० नाणी जमवून एक हीलिंग पोशन घेतलं. एकच. माझ्या कॅरेक्टर शीटवरची "दोर, ५० फूट" ही ओळ मी खोडरबरने खोडली. तिथे कागद पातळ झालाय, दिव्यासमोर धरला की अक्षरं अजून वाचता येतात.

दोन मशाली आणि चकमक तेवढी मी हट्टाने मागे ठेवली होती. भुयारात शिरल्यावर तीही मशाल विझवायला लावली, का तर उजेड दिसला की आतले सावध होतील. मी ड्वार्फच्या कमरपट्ट्याला धरून चालत होतो.

डार्कव्हिजनचा नियम लोक अर्धाच वाचतात. मिट्ट काळोख तुम्हाला अंधूक उजेडासारखा दिसतो, एवढंच. अंधूक उजेडात डोळ्यांवर अवलंबून असलेल्या परसेप्शनला (आजूबाजूचं टिपण्याच्या क्षमतेला) डिसअॅडव्हान्टेज (तोटा), म्हणजेच फासे न टाकता धरायच्या पॅसिव्ह परसेप्शनमधून ५ वजा. ड्वार्फचं १३ होतं, ते ८ झालं. जमिनीतला सापळा ओळखायला १२ लागत होते, हे डीएमने (खेळ चालवणाऱ्याने) नंतर सांगितलं. एका तांब्याच्या नाण्याची मशाल पेटती असती तर तो सापळा दिसला असता.

फरशी उलटली. ड्वार्फ आणि हाफ-ऑर्क ४० फूट खाली. विझार्डने लगेच फेदर फॉल हा स्पेल (मंत्र) टाकला आणि दोघं पिसासारखे अलगद उतरले. टेबलावर टाळ्या पडल्या, मीही वाजवल्या. मग डीएमने शांतपणे विचारलं, "आता वर कसे येणार?"

भिंती गुळगुळीत होत्या. विझार्डने स्पेलची यादी वरपासून खालपर्यंत पाहिली, कागद उलटून पाहिला, परत सुलटा केला. वर आणणारं त्यात काही नव्हतं. ५० फुटांचा दोर असता तर ४० फूट आत सोडून १० फूट बांधायला उरला असता.

शेवटी मी आणि तो गावात दोर आणायला गेलो. तेवढ्या वेळात डीएमने फासे टाकले आणि खालच्या जाळीतून दोन घूल (मढी खाणारे राक्षस) आत आले. घूलचा पंजा लागला की अंग लुळं पडतं. एल्फवर मात्र त्याचा परिणाम होत नाही, आणि आमचा एकुलता एक एल्फ गावाच्या रस्त्यावर होता. हाफ-ऑर्क लुळा पडला. ड्वार्फ त्याच्यापुढे उभा राहिला, मार खात राहिला, मग पोशन प्यायला. २डी४ अधिक २, म्हणजे दोन चार-बाजूंच्या फाशांची बेरीज आणि वर २. फाशांवर १ आणि २ पडले. ज्याच्यासाठी चौघांनी पॅक विकले, त्याने पाच हिट पॉइंट (जिवाचे गुण) दिले. हाफ-ऑर्क वाचला, ड्वार्फ गेला. चार महिने खेळवलेलं कॅरेक्टर होतं ते. त्याच्या खेळाडूने शीटची चौपदरी घडी करून फाशांच्या पिशवीत ठेवली आणि त्या दिवशी पुढे काही बोलला नाही.

मित्र आजही म्हणतो, फासे वाईट पडले. फाशांची वेळ फार उशिरा आली. ड्वार्फ त्या खड्ड्यात अडकला तो आम्ही दोर विकला म्हणून.

आता तुमच्या १५ नाण्यांचं. आधी बाण घ्या, तुमच्या यादीत शॉर्टबो आहे पण बाण दिसत नाहीत. २० बाण १ ला. हेम्पचा दोर १, पहार २, बॉल बेअरिंगची पिशवी १, पाठपिशवी २, चार दिवसांचा शिधा २. झाकणाचा कंदील ५. पाण्याची पखाल, चकमकीची पेटी, तेलाच्या दोन बाटल्या, पाच मशाली आणि पाच खडू मिळून बरोबर १. झाले १५.

कंदील महाग वाटेल, पण तेलाच्या एका बाटलीवर तो सहा तास चालतो आणि झाकण खाली केलं की पाच फुटांपुरताच अंधूक उजेड राहतो. "उजेड दिसेल" म्हणणाऱ्याला हे दाखवा. पहार लावता येईल तिथे स्ट्रेंग्थच्या (ताकदीच्या) चेकला, म्हणजे फाशांच्या कसोटीला, अॅडव्हान्टेज (फायदा) देते, आणि रोगची स्ट्रेंग्थ बहुधा कमीच असते. बॉल बेअरिंग पळताना मागे ओतायची. खडूने प्रत्येक वळणावर खूण करा, नकाशा काढणारा झोपलेला असतो तेव्हा तीच कामी येते.

हे सगळे आकडे २०१४ च्या पाचव्या आवृत्तीचे आहेत. तुम्ही २०२४ ची पुस्तकं वापरत असाल तर ताडून पाहा, काही गोष्टी बदलल्या आहेत. ओझ्याचा पर्यायी नियम तुमच्याकडे चालू असेल आणि स्ट्रेंग्थ ८ असेल, तर ४० पौंडांच्या वर वेग १० फुटांनी घटतो. वरचं सामान शस्त्रांसकट साठच्या आसपास जातं, म्हणून दोर, शिधा आणि मशाली पार्टीतल्या एखाद्या दणकट कॅरेक्टरकडे द्या. आणि डीएम सामान मोजतच नसेल तर माझं अर्धं उत्तर सोडून द्या. पोशन वाईट आहे असंही नाही, पहिल्या मोहिमेच्या कमाईतून जरूर घ्या.

पण साठव म्हणणाऱ्या त्या माणसाला आधी एवढं विचारा: दोघं ४० फूट खाली आहेत, सुखरूप आहेत, त्यांना वर कसं आणणार? तो काय म्हणाला ते इथे खाली लिहा. मला खरंच ऐकायचंय.