राजापूरच्या वखारीत चांदी यायची की जायची?

प्रश्न : मी राजापूरचा. शाळेत शिकलो की इंग्रज आपलं सोनंचांदी लुटायला आले, पण परवा एका व्याख्यानात ऐकलं की उलट तेच इथे चांदी आणायचे. खरं काय? आणि व्यापाराचा असा विचार तेव्हा आपल्याकडे कुणी करत होतं का?

उत्तर : दोन्ही खरं आहे हो, काळ वेगळा. 1600 सालच्या सनदेतच इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीला दर सफरीला 30,000 पौंडांपर्यंत चांदी बाहेर न्यायची मुभा होती, कारण त्यांच्याकडे विकायला मुख्य माल काय तर बनात, जाड लोकरी कापड, आता कोकणच्या घामट हवेत ते कोण अंगावर घेणार! त्यांना मात्र मिरी आणि कापड हवंच, घाटावरचा माल अणस्कुरा घाटाने राजापुरात उतरायचा, तिथून होड्यांनी जैतापूर, मग जहाज, आणि पैसे रोख. चांदी बरीचशी स्पॅनिश रियाल नाण्यांची, म्हणजे मूळची अमेरिकेतल्या खाणींतली.

यावरून लंडनमध्ये जाम बोंबाबोंब. 1620च्या सुमारास तिकडे मंदी, बाजारात नाणं मिळेना, खापर कंपनीवर. मॅलिन्स नावाचा व्यापारी म्हणे हुंडीवाले सावकार विनिमयदर खेळवतात म्हणून चांदी पळते, सरकारने दर बांधून द्यावा. मिसेल्डन हा दुसरा व्यापारी म्हणे तसं नाही, देशाची एकूण आयात-निर्यात मांडून बघा. थॉमस मन तर कंपनीचाच डायरेक्टर, त्यामुळे त्याचं ऐकताना जरा जपूनच, पण हिशोब पक्का : एक लाख पौंडांची मिरी घ्या, इंग्लंडला आणून पुढे इटली-तुर्कस्तानात विका, सात लाख येतील (अर्थात त्यात जहाजभाडं, विमा, व्याज, जकात सगळं आलं, नुसता नफा नव्हे). पेरणीच्या वेळी चांगलं धान्य मातीत टाकणारा शेतकरी वेडाच वाटतो, कापणीला बघा, असंही त्याने लिहिलंय. हे पुस्तक तो गेल्यावर मुलाने 1664 साली छापलं.

तुमच्या शाळेतली गोष्ट पुढची. 1765ला कंपनीला बंगालची दिवाणी, म्हणजे महसूल वसुलीचा हक्क मिळाला आणि तिथल्याच महसुलातून माल घेता यायला लागला, मग कशाला कोण तिकडून चांदी आणतंय.

आपल्याकडचं म्हणाल तर 1671 सालचं शिवाजी महाराजांचं कुडाळचे सरसुभेदार नरहरी आनंदराव यांना गेलेलं पत्र बघा. बारदेशचं, म्हणजे पोर्तुगीज मुलखातलं मीठ स्वस्त पडत होतं, आपल्या मिठागरांचं कोण घेणार, म्हणून त्यावर जबर जकात बसवा असा हुकूम आहे. तिकडे मन-मिसेल्डन पुस्तकं लिहीत बसले, इथे थेट नाक्यावर काम.