कोकरू बाटलीवर वाढवायचं आणि उन्हाळी भाजीही लावायची, एकाच परसात दोन्ही जमेल का?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: रानातून चाललेल्या वाड्यातल्या (मेंढपाळांच्या फिरत्या तळावरच्या) धनगरमामांनी आई मेलेलं चार-पाच दिवसांचं कोकरू तुम्हाला दिलंय. सोलापुरात घरामागे दोन गुंठे काळी जमीन आहे, तिथे फेब्रुवारीत भेंडी, गवार, दोडका लावायचाय. दोन्ही एकदम झेपेल का, आणि कोकरू वाफ्यांत मोकळं सोडलं तर तण खाईल का?

झेपेल. पण मोकळं सोडायचा विचार आजच मनातून काढा. मेंढराला तण कुठलं आणि गवारीचं रोप कुठलं याचं सोयरसुतक नसतं, कोवळं दिसेल ते ते खुडतं. त्यामुळे बी टोकायच्या आधी कुंपण. धनगर कोकरं कोंडायला वाघर लावतात, तसं दोरीचं जाळं चार मेखांवर ताणलं की काम होतं. आमच्याकडे घरात मेंढरं पिढ्यान्‌पिढ्या आहेत, म्हणून जरा सविस्तर सांगते.

आधी दूध. कोकरानं आईचा चीक प्यायला होता का, हे मामांना नक्की विचारा. चिकातून मिळणारी रोगाशी लढायची ताकद पहिल्या दिवसातच अंगात जाते, नंतर आतडं ती घेत नाही. चीक मिळाला नसेल तर डॉक्टरांना तसं सांगा आणि स्वच्छतेत तसूभरही ढिलाई नको. दूध शेळीचं मिळालं तर उत्तम, नाहीतर गाईचं, पण पाणी न घालता. मेंढीच्या दुधात 6 ते 7 टक्के स्निग्धांश असतो, गाईच्या साडेतीन-चार टक्के. तेच आधी पातळ, त्यात आणखी पाणी ओतलं तर पिलाच्या अंगी काय लागणार? दिवसाला वजनाच्या 15 ते 20 टक्के, म्हणजे तीन किलोच्या कोकराला साधारण 450 ते 600 मिली, आणि तेही पाच वेळा विभागून. एकदम पोटभर पाजायचा मोह होतो, कारण ते ओरडत राहतं, पण हगवण आणि पोटफुगी तिथूनच सुरू होते. दूध अंगाइतकं कोमट असावं. पाजताना कोकरू उभं हवं. मांडीवर उताणं घेऊन पाजलं तर दूध फुफ्फुसात जातं आणि ते पिलू सहसा वाचत नाही. नाळ अजून ओली असेल तर टिंक्चर आयोडीन लावा. आपल्याकडे फेब्रुवारीत दुपार तापते पण पहाटे गारठा असतो, म्हणून खाली कोरडं पोतं आणि वाऱ्याला आडोसा ठेवा.

दोन-तीन आठवड्यांनी ते पाल्याला तोंड लावू लागेल. खरी जोखीम इथून पुढे आहे, आणि सोलापूरकरानं ती नीट समजून घ्यायलाच हवी.

त्याच सुमारास मालदांडीची काढणी आटपलेली असते. ज्वारी मुळासकट उपटली असेल तर प्रश्न नाही, पण विळ्यानं कापली असेल आणि ओल मिळाली तर बुडख्यांतून हिरवे फुटवे येतात. दिसायला इतके लुसलुशीत की कुणालाही वाटेल, आणून घालावेत. त्यात सायनाइडचं विष असतं, आणि पाण्याच्या ताणावरच्या फुटव्यात जास्त. जनावर धापा टाकतं, झोकांड्या खातं आणि डॉक्टर येईपर्यंत संपतं. वाळलेल्या कडब्याची ही भीती नाही.

दुसरं, द्राक्षाचा आणि डाळिंबाचा पाला. एप्रिलमध्ये द्राक्षाची खरड छाटणी होते, पाला फुकट मिळतो, लोक प्रेमानं आणून टाकतात. पण या बागांवर बोर्डो मिश्रण फवारलेलं असतं, म्हणजे मोरचूद, म्हणजे तांबं. मेंढीला तांबं गाईपेक्षा, शेळीपेक्षा फार कमी सोसतं. ते यकृतात साठत जातं आणि एक दिवस लघवी लाल होऊन जनावर पडतं. म्हणून फवारलेल्या बागेचा पाला नकोच. गाईम्हशींचं खनिज मिश्रणही चाटवू नका, त्यातही तांबं असतं. मेंढ्यांसाठीचं वेगळं मिळतं. कुंपणाला कण्हेर असेल तर तीही काढा.

यावरून तुमच्या बागेचं धोरण ठरतं. कोकरू घरात असेपर्यंत त्या दोन गुंठ्यांत विषारी फवारणी नाही, युरियाची उघडी पोती आणि युरिया विरघळलेल्या पाण्याच्या बादल्या नाहीत. दुकानातलं गुलाबी रंगाचं बियाणं औषध लावलेलं असतं. ते टोकून उरलं तर ओट्यावर ठेवू नका, कुलपात ठेवा.

बागेचं बाकी सोपं आहे. उन्हाळ्यात गादीवाफे नकोत, लवकर सुकतात. सपाट वाफे करा, वेलांना आळी करा. काळ्या मातीला भेगा पडतात, त्यावर उसाचं पाचट अंथरा. बोअरचं पाणी मचूळ असेल तर गवार इतरांपेक्षा बरी तग धरते. दोडका आणि दुधी मात्र मांडवावरच चढवा. फेब्रुवारीच्या सुरुवातीला लावलेत तर एप्रिलपर्यंत मांडव झाकतो, वेल कोकराच्या तोंडाबाहेर राहतो आणि बेचाळीस अंशांच्या दुपारी त्याला खाली सावली मिळते. मला स्वतःला ही मांडणी सगळ्यात आवडते. पश्चिमेच्या कडेला शेवरी लावा, झळा अडतात आणि चार महिन्यांनी चांगला पाला मिळतो.

लेंडीखताबद्दल फार आशा धरू नका, एवढ्याशा जिवाच्या लेंड्या त्या किती! त्याच्या खालचं गवत लेंड्यांसकट खड्ड्यात कुजवा आणि पावसाळी लागवडीला वापरा. कच्चं घातलं तर हुमणी आणि वाळवी येते. आत्ता हवं असेल तर मामांकडूनच जुनं कुजलेलं लेंडीखत मागा. आपल्याकडे शेतात मेंढरं बसवून धान्य द्यायची रीत आहेच, ते नाही म्हणणार नाहीत.

आणखी एक गोष्ट मनापासून सांगते. मेंढरू एकटं जगणारं जनावर नाही. माणसाच्या पायात घोटाळणारं कोकरू गोड दिसतं, पण त्याला जातीचं कुणीतरी हवं, निदान एखादं शेळीचं करडू तरी. जागा नसेल, तर जून लागताना वाडे परत फिरतात तेव्हा ते मामांच्या कळपात सोडता येईल का, हे आत्ताच बोलून ठेवा. दूध तीन महिन्यांनी तोडायचं, तेही आठवडाभर हळूहळू कमी करत. त्याच सुमारास डॉक्टरांकडून जंताचं औषध, आंत्रविषार आणि पीपीआर (शेळ्या-मेंढ्यांचा प्लेग) या रोगांची लस करून घ्या. आंत्रविषाराची लस पावसाळ्यापूर्वी झालीच पाहिजे. दवाखाना लांब असेल तर 1962 वर फोन करा, फिरतं पथक येतं.