लग्नाचा वाढदिवस जुन्या शहरात साजरा करताय?

पहिल्यांदाच जाताय, तर तिकिटं काढण्याआधी तारखेचा वार बघा. ताजमहाल शुक्रवारी बंद असतो, पॅरिसचं लूव्र संग्रहालय मंगळवारी, आणि व्हॅटिकनची संग्रहालयं महिन्यातला शेवटचा रविवार सोडला तर एरवी रविवारी. जिच्यासाठी एवढा प्रवास केला तीच वास्तू नेमकी त्या दिवशी कुलूपबंद निघाली की दोघांचाही हिरमोड होतो. वार जुळत नसेल तर ती आदल्या दिवशी बघून घ्या.

मुक्काम जुन्या भागातच करा, संध्याकाळी पायी भटकता येतं. मात्र खोली ठरवताना दोन गोष्टी विचाराच: गाडी दारापर्यंत येते का आणि लिफ्ट आहे का? अशा गल्ल्यांत बरेचदा वाहनबंदी असते. दगडी फरशीच्या फटीत बॅगेचं छोटं चाक अडकतं, ओढलं की मोडतं. मग अरुंद जिन्यावरून ती उचलूनच न्यावी लागते. म्हणून पाठीवरची सॅक बरी. नवे बूट तर अजिबात नकोत, आधी दोन आठवडे पायात मुरलेले हवेत.

दिवसाला मोठी वास्तू एकच. दार उघडायच्या पंधरा मिनिटं आधी पोहोचा. दुपार मोकळी सोडा, हे फार महत्त्वाचं; दमलेल्या माणसांची भांडणं दुपारीच होतात. दोघांचा फोटो सूर्यास्तानंतर वीसेक मिनिटांनी काढा: आकाश गडद निळं असतं, दिवे लागलेले असतात, आणि जुना दगड उजळून दिसतो.