खो-खोचा संघ पहिल्यांदा निवडताय? एवढं सांभाळा

एका धावण्याच्या शर्यतीवर संघ ठरवू नका, नवे प्रशिक्षक हमखास इथेच चुकतात. वेगवान मूल उठून दिसतं. पण खो मिळताच झटकन उठणारं, खांबाजवळ झेपावणारं, हुलकावणी देणारं मूल मागे राहतं.

- चाचणी निदान दोन दिवस घ्या. प्रत्येकाला बसून खो घ्यायला, पाठलाग करायला आणि बचावालाही उतरवा.
- गुण दोघांनी वेगवेगळे लिहावेत. शेजारी जन्मतारीख हवीच: एकाच वयोगटात दहा-अकरा महिन्यांनी मोठं मूल उंच, दणकट असतं, ते कौशल्य नव्हे.
- कमी ऐकू येणाऱ्याला परस्पर वगळू नका. खो देताना पाठीवर हात पडतोच, त्या स्पर्शावर उठण्याचा सराव द्या.

कर्णधारांना सगळ्यांदेखत गडी निवडायला लावू नका हो. शेवटी उरलेलं पोर उद्या मैदानावर येत नाही. डावपेच नंतर पाहू.