वाचकांचे प्रश्न : म्युच्युअल फंड आला, भाव चढला, आता काय करावे?

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक असून एका लहान अभियांत्रिकी कंपनीचे शेअर तीन वर्षांपासून बाळगून आहे. पूर्वी रोज जेमतेम 20 हजार शेअरची उलाढाल होत असे. गेल्या तिमाहीच्या भागधारक यादीत एका म्युच्युअल फंडाचे नाव आले आणि तेव्हापासून उलाढाल चौपट झाली, भावही 180 वरून 260 रुपयांवर गेला. मुदत ठेव मोडून आणखी शेअर घ्यावेत का?
– एक वाचक, त्रिमूर्तीनगर, नागपूर

उत्तर : केवळ या कारणासाठी ठेव मोडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

कळमना बाजारात संत्र्याची आवक कमी असताना एकाच व्यापाऱ्याला दोन ट्रक भरायचे असतील, तर सौद्यात भाव चढतोच. लहान कंपनीच्या शेअरचेही तसेच असते. समजा, कंपनीचे एकूण शेअर 2 कोटी आहेत आणि त्यांपैकी 70 टक्के प्रवर्तकांकडे, म्हणजे कंपनी उभी करून तिच्यावर ताबा ठेवणाऱ्यांकडे आहेत. उरलेल्या 60 लाखांतही बरेचसे आपल्यासारख्यांनी जपून ठेवलेले असतात. अशा वेळी फंडाला 5 लाख शेअर हवे असतील आणि भाव उसळू नये म्हणून तो रोजच्या 20 हजारांच्या उलाढालीतून केवळ पाचवा हिस्सा उचलत असेल, तर खरेदी पुरी व्हायला 125 दिवस, म्हणजे बाजाराच्या कामकाजाचे सुमारे सहा महिने लागतील.

तिमाहीची यादी प्रसिद्ध होते तेव्हा ही खरेदी बहुधा बरीच उरकलेली असते, आणि त्यानंतरची वाढलेली उलाढाल अनेकदा यादी वाचून धावलेल्यांची असते. म्हणून उलाढालीच्या आकड्याबरोबर डिलिव्हरीची टक्केवारी, म्हणजे त्याच दिवशी परत न विकता प्रत्यक्ष खात्यात घेतलेल्या शेअरचे प्रमाण पाहावे. ते घसरत असेल, तर शेअर त्याच दिवशी हात बदलून परत जात आहेत, असे समजावे. एका दिवसात एखाद्याने कंपनीच्या अर्ध्या टक्क्याहून अधिक शेअरचा व्यवहार केला, तर शेअर बाजार त्याच संध्याकाळी बल्क डीलच्या यादीत तो जाहीर करतो. म्युच्युअल फंडांचे दरमहाचे पोर्टफोलिओ, म्हणजे त्यांच्याकडील शेअरच्या याद्याही पाहता येतात.

खरी काळजी विक्रीची आहे. स्मॉल कॅप योजनेला किमान 65 टक्के रक्कम लहान कंपन्यांत ठेवावी लागते. त्यामुळे लोकांचे पैसे योजनेत आले की खरेदी होते आणि लोक पैसे काढू लागले की कंपनीचा कारभार उत्तम असूनही विक्री करावी लागू शकते; अशा वेळी घेणारे थोडे असले की भाव झपाट्याने कोसळतो. याच चिंतेतून अर्धा पोर्टफोलिओ विकायला किती दिवस लागतील, हे स्मॉल कॅप योजना मार्च 2024 पासून जाहीर करू लागल्या. तो आकडा अवश्य वाचावा.

आणखी एक गोष्ट मला कळकळीने सांगावीशी वाटते. 200 रुपयांच्या सरासरी भावाने घेतलेले 5 लाख शेअर म्हणजे 10 कोटी रुपये. हजार कोटींच्या योजनेत तो केवळ एक टक्का होतो. फंडाचा अंदाज चुकला तरी योजना उभी राहते, पण आपल्या हाती असलेली मुदत ठेव ही निवृत्तीनंतरची पुंजी आहे.

हाती असलेले शेअर ठेवायचे की नाही, हे विक्री, नफा, कर्ज आणि प्रवर्तकांनी तारण ठेवलेले शेअर पाहून ठरवावे. काही विकायचेच झाले, तर उलाढाल भरपूर आहे तोवर, थोडे थोडे आणि लिमिट ऑर्डर लावूनच, म्हणजे त्याखाली विकायचे नाही असा किमान भाव ठरवूनच विकावेत.