मागाच्या खोलीतला कॉम्प्युटर

प्रश्न : आमच्या घरात चार माग आहेत आणि त्याच खोलीच्या कोपऱ्यात सात वर्षांचा डेस्कटॉप. मी त्यावर मराठी आणि कन्नड लग्नपत्रिका जुळवून देते. महिनाभर झाला, वीस-पंचवीस मिनिटांत फट्‌दिशी बंद पडतो. लगेच चालू केला तर पाचच मिनिटं टिकतो. सकाळी मात्र बरा चालतो. दुकानदार म्हणतो, मदरबोर्ड गेला, नवा घाला. काय करायचं ओ?
– एक वाचक, वडगाव, बेळगाव

उत्तर : ताई, इतक्यात पैसे देऊ नका. ‘लगेच चालू केला तर पाचच मिनिटं’ हे तुम्ही लिहिलंत, तिथंच अर्धं निदान झालं. गार असताना चालतो, तापला की जातो. प्रोसेसर शंभर अंशांच्या आसपास गेला की जळू नये म्हणून स्वतःच वीज तोडतो. मागाची मोटर सुरू होताना दिवा मिचकतो आणि नेमका तेव्हाच कॉम्प्युटर जातो, असं असतं तर दोष विजेचा म्हटलो असतो.

बंद पडायच्या आधी पंखा घरघरत असणार. पण मागाच्या खटखटाटात तो कुणाला ऐकू येतोय! माझंही बालपण मागाच्या खोलीशेजारीच गेलं. आम्ही घरातसुद्धा ओरडूनच बोलायचो. तेव्हा रात्री माग थांबल्यावर कान देऊन बघा.

खात्री हवी तर चालू करताना डिलीट किंवा एफ२ दाबत राहा. बायोसचं, म्हणजे कॉम्प्युटरच्या मूळ सेटिंगचं पान उघडेल, त्यात सीपीयूचं म्हणजे प्रोसेसरचं तापमान असतं. दहा मिनिटं नुसतं बघत बसा. आकडा ४०-५० वर थांबला तर ठीक. ८० ओलांडून चढतच राहिला तर रोग सापडला.

आता सफाई. प्लग काढा, डाव्या बाजूचं झाकण उघडा. प्रोसेसरवरचा पंखा वरून स्वच्छ दिसेल, त्याला फसू नका. धाग्याची लव पंख्यातून खाली ओढली जाते आणि प्रोसेसर गार ठेवणाऱ्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांवर साचते. मागवाल्यांच्या घरातले असे पंखे मी काढलेत. खाली घोंगडीचा तुकडा कापून ठेवावा तसा जाड थर निघतो, चिमट्यानं धरला की अख्खा येतो. वारा जाणार कुठून? पंख्याचे स्क्रू काढून तो थर काढा. ब्लोअर मारणार असाल तर पाती बोटानं धरून ठेवा, नाहीतर पंखा भन्नाट फिरून खराब होतो.

प्रोसेसरची उष्णता त्या पट्ट्यांत पोचवणारी पेस्टही सात वर्षांत वाळून खडूसारखी झाली असेल. जुनी पुसून नवी लावायची, तुरीच्या डाळीएवढीच. जास्त लावली म्हणून जास्त गार होत नाही. हात धजत नसेल तर हे एवढं काम मेकॅनिककडून करून घ्या, पण समोर उभं राहून.

डबा जमिनीवरून उचलून स्टुलावर ठेवा, मागची बाजू भिंतीपासून वीतभर लांब. जमलं तर खोलीच बदला. नाही जमलं तर दर महिन्याला झाकण उघडायचं.

एवढं करून आकडा ५० वर राहिला आणि तरीही बंद पडला, तर संशय एसएमपीएसवर, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणाऱ्या आतल्या डबीवर. ओळखीच्या कुणाचा तरी दोन दिवस लावून बघा. तुमचा मात्र उघडू नका. प्लग काढल्यावरही त्यात करंट साठलेला असतो. मदरबोर्डचा नंबर त्याच्यानंतर.